तरंगत्या दोरीचे माप

काही वर्षांपूर्वी माझे एक ज्येष्ठ सहकारी सेवानिवृत्त झाले. निरोपाचा समारंभ आटोपल्यावर त्यांनी मला घरी बोलावून घेतले आणि कापडी पिशवीत जपून ठेवलेली एक वस्तू माझ्या हाती दिली. ती होती बांबूची, तीन तुकडे एकमेकांत बसवून सांधावयाची, आठ फुटी गळाची काठी. सोबत पत्र्याची एक चपटी डबी होती आणि तीत मधाच्या रंगाची रेशमी दोरी वेटोळे करून ठेवलेली होती. दोरी फार जुनी झाल्यामुळे चिकट झाली होती. जरा ताण दिला की तुटत होती. "काठी अजून पुष्कळ वर्षे टिकेल. दोरी मात्र नवी घ्या, आणि पारखून घ्या," एवढेच ते म्हणाले. काठीच्या मुठीच्या वर शाईने बारीक अक्षरे लिहिलेली होती : एचडीएच.

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला अक्षरी संक्षेपांचे भय वाटत नाही. हे एखाद्या कारखान्याचे नाव असावे असे समजून मी ते सोडून दिले. त्या तीन अक्षरांचा अर्थ मला उलगडेपर्यंत काठीचा शेंडा मोडून गेला होता. ती हकीकत पुढे येईलच. परंतु ती समजण्यासाठी आधी या दोरीचा इतिहास सांगावयास हवा. तो इतिहास वरवर पाहता चार-दोन शौकिनांच्या करमणुकीचा वाटेल. मला मात्र त्यात माप म्हणजे काय, आणि एक काळ खरे असलेले माप पुढे खोटे कसे ठरते, या प्रश्नाचे उत्तर सापडले.

आपल्या कोकणात गरी टाकून मासे धरण्याला गरवणे म्हणतात. गरीला आमिष लावावयाचे, दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधावयाचा आणि भिरकावून द्यावयाचे. येथे वजन शिशाचे. दोरा त्याच्या मागोमाग जातो. ट्राउट मासा धरण्याची जी रीत आहे, तीत हा क्रम उलटा आहे. तेथे गळाला पिसे आणि धागा गुंडाळून कृत्रिम माशी तयार करतात. या माशीला वजन असे जवळजवळ नसतेच. हाताने फेकू गेले तर ती हातभरही जाणार नाही. म्हणून वजन असावे लागते ते दोरीला. मागे झोकून पुढे आणलेल्या दोरीच्या भाराने काठी वाकते, सरळ होताना ती दोरीला पुढे ढकलते, आणि दोरी उलगडत जाऊन शेवटी माशीला पाण्यावर अलगद ठेवते. अर्थात दोरी काठीला वाकविण्याइतकी जड हवी. आणि ट्राउट मासा पुष्कळदा पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपून खात असल्यामुळे, तीच दोरी पाण्यावर तरंगलीही पाहिजे. दोरी बुडाली तर ती माशीला खाली ओढते. शिवाय दुसऱ्या फेकीसाठी ती उचलताना पाणी ढवळून निघते आणि सावध मासा दगडाखाली नाहीसा होतो. जड असावे आणि तरंगावेही, या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्याच्या खटपटीतून या दोरीचा सारा इतिहास घडला आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. सह्याद्रीतल्या नद्यांत तो नाही. हिंदुस्थानात तो इंग्रजांनी आणला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो काश्मीरमध्ये रुजला, त्यानंतर काही वर्षांनी निलगिरीच्या पठारावर, आणि १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या प्रयत्नाने कुलूच्या खोऱ्यात. हिमाचल प्रदेशात माझी नेमणूक झाली, तेव्हा बियास आणि तिला मिळणारी तीर्थन या नद्यांमध्ये या परदेशी पाहुण्याच्या कित्येक पिढ्या नांदून गेल्या होत्या. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना घ्यावयाचा आणि हिवाळ्यातील बंदीचे महिने पाळावयाचे, एवढ्या अटींवर तेथे कोणालाही गळ टाकता येतो. ती पिशवी घेऊन मी तीर्थनच्या काठी गेलो, तो असा.

माशी लावून मासे धरण्याचा सर्वांत जुना ठळक उल्लेख इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळातील इलियन या रोमन लेखकाचा आहे. मॅसिडोनियातील एका नदीत ठिपकेदार मासे आहेत, तेथील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची पिसे लावतात, त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तितकीच, असे तो सांगतो. काठीच्या टोकाला बांधलेली सहा फुटी दोरी फेकण्याचा प्रश्नच नव्हता. काठी पुढे केली की माशी पाण्यावर टेकत असे.

यानंतर तेरा शतकांनीही दोरी फारशी बदललेली दिसत नाही. १४९६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड याने गळाच्या मासेमारीवरील एक इंग्रजी प्रबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर तो चालत आला आहे, जरी तिच्या कर्तृत्वाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. या प्रबंधात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळावयास सांगितली आहे. पांढऱ्या घोड्याचे लांब केस निवडावे, ऋतूप्रमाणे आणि पाण्याच्या रंगाप्रमाणे ते रंगवावे, पीळ द्यावा आणि तुकड्याला तुकडा गाठीने जोडीत जावे. दोरीचे माप केसांच्या संख्येवर. साध्या ट्राउटला नऊ केसांची, मोठ्या ट्राउटला बारा केसांची, तर सामन माशाला पंधरा केसांची दोरी. दोरीची ताकद सांगण्याची ही फार प्रामाणिक पद्धत होती, कारण ज्याने दोरी वळली त्यानेच ते केस मोजलेले असत.

सतराव्या शतकात आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये निघाला आणि १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने माशीच्या मासेमारीवर स्वतंत्र भाग जोडला. त्यांच्याही काळी दोरी केसांचीच होती. मात्र ती काठीकडे जाड आणि गळाकडे बारीक अशी निमुळती वळीत. हा निमुळतेपणा हा त्या काळाचा मोठा शोध म्हटला पाहिजे. जाड भागातून आलेली गती बारीक भागाकडे जाताना दोरी एकदम न कोसळता उलगडत जाते, हे त्या लोकांनी गणितावाचून, केवळ हाताच्या अनुभवाने ओळखले होते. केसांच्या दोरीचा एक गुण असा की ती चटकन पाणी पीत नाही. दोष असा की ती हलकी असते. वारा पाठीशी असला तरच दूर जाते. म्हणून त्या काळच्या काठ्या अतिशय लांब असत आणि फेक आखूड.

हे चित्र पालटले ते रेशमाने. आधी केस आणि रेशीम मिसळून दोऱ्या वळू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसत्या रेशमाची, गोफासारखी विणलेली, तेल पाजलेली दोरी प्रचारात आली. रेशीम पाण्याहून सुमारे ३० टक्क्यांनी जड आहे. त्यामुळे बारीक दोरीतही काठी वाकविण्याइतका भार मावू लागला आणि वाऱ्याच्या तोंडावर माशी फेकणे शक्य झाले. त्याच सुमारास काठ्याही बदलल्या. अखंड लाकडाऐवजी बांबू चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी कांब्या एकमेकींना चिकटवून केलेली काठी अमेरिकेत आणि इंग्लंडात लोकप्रिय झाली. यातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने मौजेची आहे. चीनमधील टोंकिन बांबू सर्रास वापरात येण्यापूर्वी या काठ्यांसाठी हिंदुस्थानातून बांबू जात असे आणि त्याला ते लोक 'कलकत्ता केन' म्हणत. हा बांबू म्हणजे आपल्या जंगलांतला भरीव मानवेल असे सांगतात. ज्या वेळूच्या आपण लाठ्या केल्या, त्याच्याच कांब्यांनी साहेबांनी रेशमी दोऱ्या फेकल्या!

रेशीम जड, तर मग ते तरंगावयाचे कसे? त्याचे उत्तर होते तेल, चरबी आणि माणसाचे श्रम. विणलेली दोरी जवसाच्या तेलात बुडवीत. धाग्याधाग्यांतली हवा पंपाने ओढून घेऊन तेल आतपर्यंत मुरवीत. मग उष्णतेने वाळवून ती घासून गुळगुळीत करीत, आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा चाले. अशी दोरी घरी आणल्यावर मासेमाराचे काम सुरू होई. नदीवर निघण्यापूर्वी तिला चरबीचा हात द्यावयाचा. चरबी पाण्याला धरत नाही, म्हणून दोरी पाण्याच्या पातळ कातडीवर जणू अंथरल्यासारखी राही. दोन-चार तासांनी ती पाणी प्याली की पुसून, वाळवून पुन्हा चरबी. संध्याकाळी घरी आल्यावर सगळी दोरी रिळावरून उलगडून, सैल वेटोळी करून वाऱ्यावर टांगावयाची. हे चुकले तर रेशीम कुजे, किंवा माझ्या डबीतल्या दोरीसारखे चिकट होऊन बसे.

इतका खटाटोप लोकांनी का केला असेल? इंग्लंडच्या दक्षिण भागात, हॅम्पशरमधील टेस्टसारख्या खडूच्या मातीतून वाहणाऱ्या निवळशंख नद्यांवर कोरड्या, तरंगत्या माशीचे शास्त्र जन्माला आले, हे त्याचे मुख्य कारण होय. फ्रेडरिक हॅलफर्ड याचा तरंगत्या माश्यांवरील ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोरडी माशी हा त्या नद्यांवर जवळजवळ धर्म होऊन बसला. जी. ई. एम. स्क्यूज याने १९१० मध्ये, पाण्याखालून वर येणाऱ्या अर्धवाढ किड्यांचे अनुकरणही तितकेच न्याय्य आहे असे प्रतिपादन केले, तेव्हा मोठा वाद माजला. दोन्ही पक्षांना दोरी मात्र तरंगतीच हवी होती. माशी वर असो वा किंचित खाली, दोरी पाण्यावर असली म्हणजे ती दिसते, प्रवाह तिला ओढू लागला की काठीच्या हलक्या हिसक्याने उचलून वळविता येते, आणि माशाने तोंड लावले तर तिचे टोक थबकलेले कळते.

दोरी कारखान्यात होऊ लागली, तेव्हा केस मोजण्याचे माप संपले आणि नवे माप आवश्यक झाले. अमेरिकेत अक्षरांची पद्धत रूढ झाली. 'ए' म्हणजे ०.०६० इंच जाडी. पुढच्या प्रत्येक अक्षराला ०.००५ इंच कमी. या हिशेबाने 'डी' म्हणजे ०.०४५ इंच आणि 'एच' म्हणजे ०.०२५ इंच. एचडीएच याचा अर्थ असा, की दोन्ही टोके 'एच'इतकी बारीक आणि मधला भाग 'डी'इतका जाड, म्हणजे दोन्हीकडून निमुळती दोरी. जीबीएफ असे लिहिले असेल तर पुढचे टोक बारीक, त्यामागे जाड पोट आणि मागे पुन्हा बारीक दोरी, म्हणजे सगळा भार पुढे घेतलेली दोरी. माझ्या काठीवरची अक्षरे कारखान्याचे नाव नव्हती. या काठीला कोणती दोरी मानवते, याचा तो निर्देश होता.

येथे श्रोत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. काठीला वाकविते ते दोरीचे वजन; जाडीशी काठीला काही कर्तव्य नाही. तरी अनेक वर्षे जाडी मोजून काम भागले. ते का भागले? कारण दोरी एकाच पदार्थाची होती. आपल्याकडे धान्य पायलीने मोजीत. गावात सगळे ज्वारीच मोजीत असतील, तर पायली म्हणजे अमुक वजन असे धरून चालता येते. परंतु पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांची पायली एकच असली, तरी त्यांनी पोट सारखे भरत नाही. रेशमाच्या काळात सगळ्या दोऱ्या ज्वारीच्या होत्या. पुढे लाह्या आल्या.

१९३८ मध्ये ड्यू पाँ या अमेरिकन कंपनीने नायलॉनची घोषणा केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम पाश्चात्त्य बाजारातून नाहीसे झाले आणि युद्धानंतर दोऱ्या नायलॉनच्या होऊ लागल्या. नायलॉन कुजत नाही, रोज वाळवावे लागत नाही. ते पाण्याहून जेमतेम १४ टक्क्यांनी जड आहे, म्हणून रेशमापेक्षा सहज तरंगते. पण त्याच कारणाने त्याच जाडीत त्याचे वजन कमी भरते. यानंतर नायलॉनच्या गोफावर प्लॅस्टिकचे कवच चढविण्याची युक्ती निघाली. मिशिगन राज्यातील मिडलंड गावी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या सायंटिफिक अँग्लर्स या लहानशा कंपनीत लिऑन मार्टुक याने या कामी पुढाकार घेतला. १९५० च्या दशकात अशा दोऱ्या बाजारात आल्या. आतला गोफ सर्वत्र सारखा. निमुळतेपणा कवचाच्या जाडीत. पुढे या कवचात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळण्यात आले. त्या प्रत्येकाच्या पोटात हवा. आता दोरी पाण्याहून खरोखरच हलकी झाली आणि चरबीवाचून, वाळवण्यावाचून, दिवसभर तरंगू लागली. जड असावे आणि तरंगावेही, या मागणीचा मेळ बसला. मात्र तेवढ्याच वजनासाठी दोरी रेशमापेक्षा जाड करावी लागली.

आता माझी हकीकत. दुकानात जाण्यापूर्वी मी एका अभियंता मित्राचे मायक्रोमीटर मागून घेतले आणि जुन्या रेशमी दोरीची जाडी मोजली. मधला भाग ०.०४५ इंच भरला. दुकानदाराने दाखविलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्यांमधून मी नेमकी तेवढ्याच जाडीची दोरी निवडली आणि आपण फार शास्त्रशुद्ध वागलो अशा समाधानात तीर्थनवर गेलो. दोरी काही केल्या जाईना. काठी वाकेना, दोरी माझ्या पायाशीच गुंतवळ होऊन पडे. लाह्यांची पायली मी ज्वारीच्या भावाने घेतली होती. पण हे तेव्हा मला उमगले नाही. दोरी हलकी पडते एवढेच कळले आणि चिडून मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या खेपेस आठ क्रमांकाची भरभक्कम दोरी आणली. तिसऱ्या की चौथ्या फेकीला काठीच्या शेंड्याकडून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. एका माणसाने चाळीस वर्षे सांभाळलेली वस्तू मी एका सकाळी मोडली होती. नदीकाठच्या दगडावर बसून मी त्या दोरीच्या खोक्यावरचा मजकूर प्रथमच नीट वाचला आणि त्यावर छापलेला वजनाचा आकडा माझ्या दृष्टीस पडला. तो सुरुवातीलाच वाचला असता, तर मायक्रोमीटर उसना आणावा लागला नसता.

हा आकडा ज्या मापाचा आहे ते १९६१ चे. नायलॉन, डेक्रॉन, प्लॅस्टिक अशा नाना पदार्थांच्या दोऱ्या एकाच अक्षरांनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा एचडीएच या अक्षरांना काही अर्थच उरला नाही. म्हणून अमेरिकेतील मासेमारीचे साहित्य बनविणाऱ्यांच्या संघाने ठरविले, की दोरीच्या अगदी टोकाचा सरळ तुकडा सोडून पुढच्या ३० फुटांचे वजन करावयाचे आणि त्यावरून क्रमांक द्यावयाचा. हे वजन ग्रेनमध्ये सांगतात. चार क्रमांक म्हणजे १२० ग्रेन, पाच म्हणजे १४०, सहा म्हणजे १६०, सात म्हणजे १८५ आणि आठ म्हणजे २१०. ग्रेन हे माप आपल्याला परके नाही. ब्रिटिश अमदानीतला प्रमाणित तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. तेव्हा सात क्रमांकाच्या दोरीचे पहिले ३० फूट म्हणजे तोळ्याला किंचित सरस, आणि पाच क्रमांकाचे म्हणजे सव्वानऊ मासे, आजच्या हिशेबाने सुमारे ९ ग्रॅम. एवढ्याशा भारावर हा सगळा खेळ चालतो.

या तारखांकडे पाहताना मला आपल्या देशातील त्याच वर्षांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. प्रमाणित वजनांचा आणि मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. आणि त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत शेर, मण, तोळे जाऊन ग्रॅम आणि किलोग्रॅम आले. गावोगावचा शेर निराळा असल्यामुळे जो माणूस नाडला जात होता, तो बहुधा गरीब ग्राहक होता. दोरीच्या बाबतीत नाडला जाणारा ग्राहक गरीब नसेल. तथापि तत्त्व तेच. विकणाऱ्याला काय मोजणे सोयीचे आहे यापेक्षा घेणाऱ्याला कशाची गरज आहे, ते मोजले गेले पाहिजे. काठीला गरज वजनाची होती.

आज कोणी पहिल्यांदाच तरंगती दोरी घेऊ पाहत असेल, तर त्याने काठीपासून आरंभ करावा. काठीवर क्रमांक लिहिलेला असतो, त्याच क्रमांकाची दोरी घ्यावी. जुन्या काठीवर रेशमी दोरीची अक्षरे असतील तर एचडीएच म्हणजे साधारण पाच क्रमांक आणि एचसीएच म्हणजे साधारण सहा, असे धरून चालावे आणि शक्य तर आधी उसनी दोरी लावून पाहावी. तीर्थनसारख्या लहान, झाडीतून वाहणाऱ्या नदीला चार किंवा पाच क्रमांक पुरतो. मोठ्या नदीला आणि वाऱ्याला सहा. क्रमांकामागे 'एफ' हे अक्षर असले म्हणजे दोरी तरंगती. क्रमांकापुढे 'डीटी' असेल तर ती दोन्हीकडून निमुळती. एक टोक झिजले की उलटी करून गुंडाळावयाची, म्हणजे एका किमतीत जणू दोन दोऱ्या. 'डब्ल्यूएफ' असेल तर भार पुढे असतो आणि मागची बारीक दोरी रिळावरून झरझर सुटून माशी दूर जाते. परंतु पंचवीस-तीस फुटांच्या आतच मासेमारी करावयाची असेल, तर या दोहोंत हाताला फारसा फरक जाणवत नाही. तेथे डीटीच काटकसरीची.

आणखी एक सावधगिरी. १९७० च्या दशकापासून कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या आणि उत्तरोत्तर त्या ताठ होत गेल्या. ताठ काठीला वाकविण्यासाठी पुष्कळ कारखानदार अर्धा, कधी पुरा क्रमांक जड अशी दोरी तयार करतात आणि तिला जुनाच क्रमांक देतात. १९६१ मध्ये लागलेली शिस्त अशी हळूहळू पुन्हा सैल होत आहे. म्हणून खोक्यावरचा क्रमांक वाचून थांबू नये. ग्रेनमधले वजन दिले असेल तर तेही पाहावे. बांबूच्या जुन्या, मृदू काठीला अशी क्रमांकाहून जड दोरी सोसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. दोरी घेतल्यावर ती अधूनमधून साबणाच्या कोमट पाण्याने पुसावी, उन्हात तापत टाकू नये आणि डास पळविण्याचे औषध लावलेले हात तिला लावू नयेत, कारण त्यातील रसायने प्लॅस्टिकचे कवच बिघडवितात. निकामी झालेली दोरी नदीकाठी टाकून येऊ नये. घोड्याचे केस आणि रेशीम मातीत मिळून जात. ही दोरी मिळत नाही.

काठीचा शेंडा एका कुशल सुताराने तासून दिला आणि त्यावर कडी पुन्हा बसवून दिली. काठी चार बोटे आखूड झाली. पाच क्रमांकाची डीटी दोरी लावून मी तीर्थनवर गेलो, तेव्हा पहिल्याच फेकीला काठी मुठीपर्यंत वाकल्याचे हाताला जाणवले आणि दोरी सरळ उलगडून पाण्यावर टेकली. पलीकडच्या खडकाखालून एक मासा वर आला, त्याने माशी निरखली आणि तो परत गेला. मला तेवढे पुष्कळ झाले.

त्यानंतर रजेवर असताना मी त्या सहकाऱ्यांना भेटावयास गेलो. काठी त्यांच्यापुढे ठेवून सगळा गुन्हा कबूल केला. त्यांनी शेंडा हातात घेऊन सुताराचे काम बारकाईने पाहिले.

"अशा काठीबरोबर कारखान्यातून शेंडे दोन येतात," ते म्हणाले. "मी तुम्हाला एकच दिला होता, हे तुमच्या ध्यानात आले नाही वाटते."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"दुसरा नायलॉनच्या दोरीने मोडला," ते म्हणाले, आणि काठी पिशवीत घालून त्यांनी ती माझ्याकडे परत दिली.